तिसरा सिलिंडर

तिनावर चालणारी जिप्सी दिसायच्या आधी ऐकू येते. चारही सिलिंडर काम करत असले की इंजिनाचा आवाज सलग असतो. त्यातल्या एकाने काम सोडलं की त्या आवाजात ठरावीक अंतराने खड्डा पडतो, आणि आरसे, बॉनेट, मागच्या बाकांचे लोखंडी पाइप सगळे त्या खड्ड्याबरोबर थरथरतात. ‘गाडी मिसिंग मारते’ एवढंच सांगून माणूस गॅरेजच्या बाकावर बसतो. पुढचं आपण शोधायचं असतं.

चंद्रपुरात राहून गाड्यांचं काम करायचं म्हणजे दोन तऱ्हेच्या गाड्या हाताखालून जातात. एक कोळशाच्या रस्त्यावरच्या, दुसऱ्या जंगलातल्या. माझ्याकडे जंगलातल्या जास्त. मोहर्ली, आगरझरी, जुनोना, कोलारा ह्या ताडोब्याच्या गेटांवर पाहुण्यांना घेऊन फिरणाऱ्या जिप्सी, आणि वैनगंगेपलीकडून, आष्टी-आलापल्लीकडून येणाऱ्या जुन्या डिझेल जीप. जिप्सी मारुतीने १९८५ साली आणली तेव्हा तिचं इंजिन एक लिटरच्याही आतलं होतं. १९९६ मध्ये तेराशे सी.सी.चं आलं. २००० साली कार्ब्युरेटर गेला आणि सोळा व्हॉल्व्हचं इंजेक्टरवालं इंजिन आलं. २०१९ मध्ये बाजारात नवी जिप्सी मिळायची बंद झाली. वजनाला हलकी, अंगाने अरुंद, वरून उघडी आणि चारही चाकांनी ओढणारी अशी दुसरी गाडी त्या पैशात मिळत नव्हती, म्हणून गेटांवरच्या लोकांनी आहेत त्याच जिप्सी जगवायला घेतल्या. त्यातल्या कित्येकांचे मालक जंगलाच्या कडेच्या गावांतलेच. गाडी कर्जावर घेतलेली, गेटवर नंबर लागला की त्या दिवसाची कमाई. गाडी गॅरेजात उभी राहिली की नंबर पुढच्याला जातो.

ह्या गाड्यांचं वय किलोमीटरवर मोजता येत नाही. एक तर निम्म्या गाड्यांची मीटरची केबल कधीच तुटलेली असते. दुसरं म्हणजे जंगलात गाडी ताशी वीसच्या आतबाहेर चालते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, तासन्‌ तास. हमरस्त्यावरची गाडी तेवढ्या वेळात नागपूर गाठून परत येईल. म्हणजे मीटरवर लाख दिसत असले तरी इंजिनाने त्याच्या कितीतरी पट काम केलेलं असतं, तेही धुळीत आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना. जुनी गाडी घेताना मीटर बघून खूश होणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

तर अशी एक जिप्सी मोहर्लीकडून आली. मालक स्वतःच चालवणारा, तिशी-पस्तिशीचा. गाडीबरोबर एक सिमेंटची रिकामी पिशवी होती आणि त्या पिशवीत गाडीतून काढलेले सामान. प्लगचे दोन संच, प्लग वायर, एक कॉईल, पेट्रोलचा पंप, फिल्टर. इंजेक्टरही धुऊन घेतले होते. वेगवेगळ्या गॅरेजांत प्रत्येकाने आपापल्या परीने एकेक भाग बदलला होता, प्रत्येक वेळी गाडी चार दिवस बरी वाटली होती आणि पुन्हा तेच. पिशवीतलं सामान मी फरशीवर मांडलं. त्यातलं निम्मं चांगलं होतं. हे पाहिलं की माझा जीव तुटतो. त्या पिशवीत एका घराचा हंगामाचा पैसा होता.

“काय म्हणते गाडी?” मी विचारलं.

“भाऊ, सकाळी निघालो का काहीच नाई म्हनत. वाघ दिसला, थांबलो, बंद केली. मंग चालू केली का हलते. पाहुन्यायले वाटते आता बंद पडते.”

“मग पुढे?”

“रेस केली का बराबर होते. उभी राह्यली का पुन्हा तेच.”

ह्या चार-सहा वाक्यांत जवळजवळ सगळं होतं. गाडी थंड असताना दुखणं नाही. गरम होऊन, बंद करून, पुन्हा सुरू केल्यावर आहे. स्लोवर आहे, रेसवर नाही. मिसिंगच्या कामात मालकाचं बोलणं मी मध्ये न तोडता ऐकतो, कारण गाडी माझ्याकडे पाच मिनिटं असते आणि त्याच्याकडे दिवसभर. तो दुखण्याचं नाव चुकीचं सांगेल, पण ते केव्हा होतं हे चुकीचं सांगणार नाही.

आता गरम गाडी बंद केल्यावर काय होतं ते पाहू. पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, समोरून येणारा वारा थांबतो. इंजिनाच्या पोटातली उष्णता वर येते आणि बॉनेटखालचं सगळं काही मिनिटं चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतं. अशा वेळी कॉईलच्या आतलं बारीक तारेचं वेटोळं फुटकं असेल तर दगा देतं. नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊ शकते. आधीच्या मिस्त्रींनी कॉईल आणि पंप बदलले ते अगदीच हवेत बाण मारून नव्हे. त्यांचा तर्क बरोबर दिशेचा होता. फक्त तो तर्क त्यांनी तपासला नाही. कॉईल बदलून गाडी थंड इंजिनावर सुरू केली, बरी वाटली, पैसे घेतले. थंड इंजिनावर ती आधीही बरी होतीच.

माझं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे. दुखणं ज्या अवस्थेत दिसतं त्याच अवस्थेत गाडी माझ्यासमोर उभी पाहिजे. ती तशी आणणं हेच निम्मं काम, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही म्हणून ते कोणी करत नाही.

मी त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारची फेरी कर, पाहुणे उतरव, आणि पद्मापूरमार्गे सरळ इकडे ये, वाटेत कुठे बॉनेट उघडू नको, असं सांगितलं. तो आला तेव्हा अंधारून आलं होतं. गाडी बंद केली. चहा येईपर्यंत तशीच ठेवली. मग चालू केली आणि तो म्हणाला तशी ती हलू लागली.

सुरुवात सगळ्यात स्वस्त तपासणीने करायची. चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं. चालता सिलिंडर असेल तर कनेक्टर काढल्याबरोबर इंजिन आणखी बसतं. मेलेला असेल तर काही फरक पडत नाही. पूर्वी हेच प्लगची वायर ओढून करायचे. ते आता करू नये, हाताला झटका बसतो तो वेगळा आणि मोकळ्या वायरमुळे कॉईल जाते ती वेगळी. पहिला काढला, गाडी बसली. दुसरा, बसली. तिसरा काढला, तसूभर फरक नाही. चौथा, बसली. म्हणजे तिसरा सिलिंडर.

ह्या इंजिनात दोन कॉईल चार सिलिंडरना करंट देतात, एकेक कॉईल दोघांना. कॉईलच खराब असती तर तिसऱ्याबरोबर त्याचा जोडीदार दुसराही बोलायला हवा होता. तो ठणठणीत होता. तरी मी नुसत्या तर्कावर सोडलं नाही. तिसऱ्याचा प्लग पहिल्याला लावला, पहिल्याचा तिसऱ्याला. मिसिंग तिसऱ्यावरच. वायर बदलून पाहिली, तिसऱ्यावरच. इंजेक्टर अदलाबदल केले, तरी तिसऱ्यावरच. एकही नवा भाग विकत न घेता, गाडीतलेच भाग इकडचे तिकडे करून एवढं कळतं. दुखणं भागाबरोबर सरकलं तर दोष भागाचा, जागेवर राहिलं तर दोष त्या सिलिंडरच्या आत. काढलेला तिसऱ्याचा प्लग पेट्रोलने ओला होता, बाकीच्या तिघांची टोकं विटकरी रंगाची कोरडी. पेट्रोल पोचत होतं, ठिणगी पडत होती, जळत मात्र नव्हतं.

मग मी वहीचा एक कागद फाडून सायलेन्सरच्या तोंडासमोर धरला. ही माझ्या वस्तादांची शिकवण. चांगल्या इंजिनाची हवा कागदाला सारखी बाहेर ढकलत राहते. इथे कागद बाहेर ढकलला जाई आणि मध्येच फट्‌दिशी पाइपच्या तोंडाला चिकटे, सुटे, पुन्हा चिकटे. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसला की पिस्टन खाली जाताना सायलेन्सरमधलीच हवा उलटी ओढतो, कागद चिकटतो तो त्यामुळे. नुसता प्लग किंवा कॉईल गेली असेल तर धक्के वेडेवाकडे येतात, पण कागद असा आत ओढला जात नाही. मालक शेजारी उभा राहून पाहत होता. त्याच्या हातात कागद दिला. त्याला बोटांना ती ओढ लागली तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, “हे कोनी दाखवलंच नाई.”

कॉम्प्रेशन गरम इंजिनावरच घेतलं. तीन सिलिंडर बाराच्या आसपास, तिसरा सातावर. सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडून पुन्हा घेतलं. रिंगा घासल्या असतील तर ऑईलने फट बुजते आणि काटा वर चढतो. काटा होता तिथेच. म्हणजे रिंगा नाहीत. मग प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून कान लावले. हवा एअर फिल्टरकडून फुसफुसली तर इन्टेक व्हॉल्व्ह, ऑईल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. आवाज सायलेन्सरमधून येत होता. सकाळी इंजिन गार पडल्यावर पुन्हा तेच कॉम्प्रेशन घेतलं तर चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. थंड गाडी घेऊन तपासणाऱ्या कोणालाही ह्यात दोष सापडला नसता, मग तो कितीही हुशार असो.

टॅपेट कव्हर उघडलं आणि कारण दिसलं. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या देठामध्ये थोडी फट ठेवावी लागते, कारण देठ तापला की लांबतो. तिसऱ्याच्या एका एग्झॉस्ट व्हॉल्व्हवर फीलर गेजचं सगळ्यात पातळ पातंही शिरत नव्हतं. वर्षानुवर्षं आपटून आपटून व्हॉल्व्ह त्याच्या सीटमध्ये वर रुतत जातो आणि फट आपोआप कमी होते. थंड असताना तो कसाबसा मिटत होता. तापला, लांबला, की रॉकर त्याला मिटू देत नव्हता. स्लोवर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला सहा-सात वेळाच उघडमिट करतो, गळायला भरपूर वेळ मिळतो. रेस केली की तो वेळ उरत नाही, गळती तेवढी भोवत नाही, आणि गाडी सुधारल्यासारखी वाटते. वाघ बघायला थांबलेली गाडी पुन्हा सुरू केल्यावर का हलते, त्याचा उलगडा इथे झाला. तेवढ्या वेळात हेडची उष्णता देठापर्यंत मुरते, आणि सुरू झाल्यावर पाहुण्यांसाठी, वाघासाठी गाडी स्लोवरच ठेवावी लागते.

लोकांना टॅपेटचा आवाज नको असतो. थोडं टिकटिक वाजलं की मालक म्हणतो, बंद करा. मग मिस्त्री फट आवळून देतो, इंजिन मुकं होतं आणि मालक खूश होऊन जातो. वस्ताद सांगायचे, वाजणारं टॅपेट सांगून मरतं, मुकं न सांगता. हवेने किंवा पाण्याने व्हॉल्व्ह थेट गार होत नाही. तो मुख्यतः गार होतो सीटला टेकलेला असतो तेवढ्या वेळात, त्याची उष्णता सीटमधून हेडच्या पाण्याला जाते. टेकायलाच मिळालं नाही तर तो तापत राहतो आणि शेवटी कडेने जळतो. ह्या मुक्या टॅपेटांनी जेवढी हेडं खाल्ली तेवढी धुळीनेही खाल्ली नसतील.

लवकर सापडलं असतं तर नुसतं टॅपेट सेटिंग पुरलं असतं, अर्ध्या दिवसाचं काम. मी फट सोडून गाडी चालवून पाहिली. फरक पडला, पण गरम कॉम्प्रेशन बाकीच्यांच्या बरोबरीला येईना. हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. व्हॉल्व्ह बाहेर काढला तेव्हा त्याच्या कडेवर नखाएवढ्या भागात तोंड खाल्लेलं होतं आणि तिथपासून मध्यापर्यंत पांढरट पट्टा, जिथून जळता वायू निसटत राहिला होता. सीटवरही त्याच जागी डाग.

हेड लेथवर नेऊन सीट कापून घेतल्या. नवा व्हॉल्व्ह मिळाला, पण सहज नाही. ह्या गाडीचे काही भाग आता भंगारातल्या इंजिनातून निवडून आणावे लागतात, आणि निवडणाऱ्याला पारख पाहिजे. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने हाताने घासून बसवले. मशीनवर हे लवकर होतं, तरी शेवटचा हात मी हातानेच फिरवतो, दोन तळव्यांत काठी फिरवत, आवाज खरखरीचा मऊ होईपर्यंत. मग हेड उलटं ठेवून व्हॉल्व्हच्या तोंडांवर, चेंबरमध्ये रॉकेल ओतलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी एकाही पोर्टमध्ये ओल नव्हती. टायमिंग बेल्ट उतरवलेलाच होता, तो नवा घातला. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळले. ह्या हवेत अ‍ॅल्युमिनियमचं हेड अंदाजाने आवळलं तर पुढच्या मे महिन्यात गॅस्केट फुंकतं.

गाडी पुन्हा तापवली, बंद केली, वाट पाहिली, चालू केली. इंजिन सलग चाललं. मालकाने स्वतःच वहीचा कागद मागितला आणि सायलेन्सरशी धरला. त्याचा खर्च झाला तो त्या पिशवीतल्या सामानापेक्षा कमी होता, हे मला जास्त लागलं. गेटावर त्याने काय सांगितलं कोण जाणे, त्यानंतर गाड्या येऊ लागल्या त्या गरम, आणि मालक उतरताच सांगतात, बंद केलेली नाही.

स्कॅनर लाव म्हणणारेही येतात. नव्या गाडीत तो उपयोगाचा आहे, कोणत्या सिलिंडरवर मिसिंग आहे ते तो सांगतो. पण आपल्याकडे गाडीने स्वतःचं दुखणं स्वतः नोंदवायची सक्ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या जिप्सीला स्कॅनर लावून फारसं हाती लागत नाही. आणि नव्या गाडीतही तो ‘तिसरा’ एवढंच म्हणेल. प्लग, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, हे हातानेच शोधावं लागतं.

डिझेल गाडीचं मिसिंग निराळं, तिथे ठिणगीचा प्लगच नसतो. आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव करत हेमलकसा-भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक जुनी जीप आली होती. तक्रार अशी की सकाळी सुरू झाली की मैलभर धूर सोडत हलत जाते, मग दिवसभर काही नाही. नोझल बदलून झाले होते. डिझेलमध्ये मेलेला सिलिंडर शोधायला एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करतात, जिथे फरक पडत नाही तो मेलेला. इथे रोज निराळाच सिलिंडर मेलेला सापडायचा. एकच सिलिंडर सतत नसेल तर दोष सगळ्यांना वाटणाऱ्या जागी असतो, म्हणजे डिझेल येण्याच्या वाटेत. पंपाच्या आधी रबरी नळीऐवजी मी पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडली, आणि पुन्हा एकच प्रश्न विचारला, रात्री गाडी कुठे लावतोस? घरासमोर चढ होता, गाडी चढाकडे तोंड करून लागायची. तशीच चढावर लावून रात्रभर ठेवली. सकाळी सुरू केली तर नळीतून बुडबुड्यांची माळच चालली होती. टाकीकडच्या जुन्या रबरी नळीला चामडीसारख्या बारीक भेगा होत्या, डिझेल रात्री मागे उतरायचं आणि भेगांतून हवा आत यायची. एका नळीच्या तुकड्यावर काम झालं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. अशा भागात जीप सकाळी सुरू होते की नाही ह्यावर बाळंतीण दवाखान्यात पोचते की नाही हे ठरतं, म्हणून तिकडच्या गाड्यांना मी रांगेत थांबवत नाही.

पावसाळ्याचं दुखणं आणखी वेगळं. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा गाभ्याचा भाग पर्यटनाला बंद असतो आणि जिप्सी दारात उभ्या राहतात. अर्ध्या रिकाम्या टाकीत ओल धरते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी पिऊन घेतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल-पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतं आणि तळाशी बसतं. पंप तळातूनच ओढतो. वरून उंदीर इंजेक्टरच्या वायरी कुरतडून ठेवतात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या मिसिंगपैकी बहुतेक ह्या दोन कारणांची असतात, आणि त्यात हेड, कॉईल, पंप कशालाच हात लावायची गरज नसते. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवायचं. खाली वेगळा थर दिसला की टाकी धुवायची. गाडी उभी करायच्या आधी टाकी काठोकाठ भरा, हे मी जूनमध्येच सगळ्यांना सांगतो. पैसे अडकतात म्हणून बहुतेक जण भरत नाहीत, आणि त्यांची अडचण मला कळते.

मोहर्लीवाल्याची गाडी आता दर हंगामाआधी येते, थंड. टॅपेट मी थंड इंजिनावरच लावतो. तिसऱ्याची फट मी त्याच्याच हाताने पात्याने तपासून घेतो. पातं अडखळत पण शिरलं पाहिजे, हे त्याला आता माझ्याइतकंच कळतं. गेल्या वेळी तो शेजारच्या गावच्या एकाला बरोबर घेऊन आला होता. त्याच्या जिप्सीत नुकताच नवा पंप बसवला होता. मी विचारायच्या आधी ह्यानेच त्याला विचारलं, “गरम झाल्यावर हलते का थंडी असताना?”